पितळेचे काळीज

बाबा,

गेल्या महिन्यात नागपूरला माझ्या छातीत, कातडीखाली, एक लहान यंत्र बसवले. हृदय मंदावले की ते ठोका देते. डॉक्टर समजावून सांगत होते आणि मी तुमच्या नाटकाचा विचार करत होतो.

धानकापणी झाली की आपल्या गावची मंडईची जत्रा भरे, आणि मंडईत नाटक हवेच. तुम्ही शाळेत गुरुजी. दरवर्षी पुराणातली कथा बसवत असा. त्या वर्षी मात्र स्वतः लिहिलेत : एक वैद्य आपले निकामी काळीज काढून पितळेचे बसवतो आणि मरण त्याच्या दारातून परत जाते. मी नुकताच बी. कॉम. होऊन आलो होतो. मी एकही शब्द इकडचा तिकडे करणार नाही, म्हणून वैद्य मला दिलात. छातीवर पितळेची वाटी बांधून मी उभा आहे आणि पुढून कोणी ओरडतो, "चिंचेनं घासत जाजो गा, काळं पडन!" सगळे हसतात. विंगेत तुम्हीही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई नवऱ्याला रेंगीत घालून आपल्या दारी आली. काळीज थकले आहे, घरी न्या, असे दवाखान्याने सांगितले होते. बैल सोडायच्या आधीच ती म्हणाली, "गुरुजी, खेळ होता हे मले समजते. पण तुमाले सुचलं म्हणजे कुठी तरी असनच. कुठी भेटते थे, एवढं सांगा."

तुम्ही रेंगीपाशी गेलात, त्या माणसाचा हात हातात घेतलात. "अजून निघालं नाई, बाई."

"कधी निघन?"

त्याच आठवड्यात तो गेला.

पुढच्या मंडईआधी तुम्ही शेवट बदललात. "वैद्याले मारू," म्हणालात. नाटक मोडेल, असे मी म्हटले. "मोडू दे. मी लोकाइले खोटी आस दाखवून राह्यलो." मला ते न्याय्य वाटले. ठरल्याप्रमाणे मी रंगमंचावर कोसळलो. तेव्हा बायकांच्या बाजूने त्या बाईचाच आवाज आला, शांत : "गुरुजी, त्याले काऊन मारलं? थो तरी जगत होता."

पडदा ओढणाराही थांबला. मी मेलेला होतो, डोळे मिटलेले. तुमचा चेहरा मला दिसला नाही. त्यानंतर तुम्ही काही लिहिले नाहीत, आणि का, हे विचारण्याआधीच तुम्ही गेलात.

तिला हवे होते ते निघाले, बाबा. तिच्या माणसाला ते मिळाले नाही, मला मिळाले. यात न्याय कुठे बसवायचा, हे मला कळत नाही. भेटायला येणाऱ्यांना मी सांगतो की आयुष्य पुरेसे झाले, पुढचे सगळे वरकड. तुम्हाला मात्र खरे लिहितो, कारण हे पत्र कोठे जाणार नाही : मला अजून पुष्कळ जगायचे आहे.