न दिलेल्या पेपरात पास

प्रति,
मा. अध्यक्ष,
सिंधुतट विद्या मंडळ, पुणे

विषय: विद्यार्थी इद्रिस आदम यास पहिल्या वर्षाच्या परीक्षेस बसू देणेबाबत.
संदर्भ: सदर विद्यार्थ्याचे नाव कमी करण्याची उम्म अल कुवैन शाखेच्या प्राचार्यांनी लावलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार आत्माराम किसन घाडी हा आपल्या आखातातील उम्म अल कुवैन येथील कॉलेजची मेस चालवतो. त्याचे शिक्षण सातवीपर्यंत झाले असून विद्येविषयी त्यास मनस्वी आदर होता. त्या आदराची जागा आता किळसेने घेतली आहे, हे खेदाने नमूद करावे लागते.

१) सुदानचा इद्रिस यास कॉलेजच्या संघातून धावण्यासाठी फी माफ करून आणण्यात आले. अकाउंट्स शिकून बापाचे दुकान सांभाळावे, ही त्याची इच्छा. परंतु वार्षिक परीक्षेच्या दिवसांत त्यास स्पर्धेच्या सरावासाठी मैदानावरच ठेवले. त्याच संघातील रुपेशला मात्र जादा तास लावून नंतर त्याची वेगळी परीक्षा घेण्यात आली. इद्रिसचे काय, असे अर्जदाराने विचारता क्रीडाशिक्षक हसून उत्तरले, "घाडीमामा, काळ्यांचे पाय तेवढे चालतात. डोक्याला कशाला त्रास? तुम्ही त्याला अंडी खायला घाला."

२) निकालात इद्रिस सर्व विषयांत पास दाखवला गेला. आपल्याकडे पोर पास झाले की तोंड गोड करतात, म्हणून अर्जदाराने शिरा केला व पहिली वाटी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मागे सारली. मेसमध्ये शिकलेल्या हिंदीत तो एवढेच म्हणाला, "चाचा, मैंने पेपर दिया ही नहीं." बाकीची मुले हसली. अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे झाले.

३) गेल्या महिन्यात इद्रिसचा गुडघा निकामी झाला. तोवर सर्व विषयांत पास असलेला हा मुलगा प्राचार्यांस आता अभ्यासास अपात्र दिसू लागला. व्हिसा रद्द करून त्यास परत धाडण्याचे ठरले आहे. अर्जदाराने गाठ घेतली असता, "खलास झालं ते, तुम्ही मेस बघा," असे प्राचार्यांनी सुनावले. महोदय, घोडा लंगडला तरी त्यास कोणी ढ म्हणत नाही. लंगडल्यास ढ ठरवण्याची रीत येथील विद्वानांनीच काढली.

सबब विनंती की, त्याचा व्हिसा परीक्षेपर्यंत राखावा, खोटे गुण खोडून टाकावेत आणि रुपेशइतकेच जादा तास देऊन त्यास सर्व पेपरांना बसवावे. त्यातूनही नापास झाल्यास खुशाल नापास करावे. तो निकाल त्याचा स्वतःचा असेल, आणि अर्जदार त्या दिवशीही शिरा करील.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
आत्माराम किसन घाडी
मेसचालक
उम्म अल कुवैन, १४ मे २००२