पडद्यावरची कमान

फेब्रुवारी १९९४, मंगळवार संध्याकाळ

मिलिंदला आज कामावरून काढलं. ऑफिसात कॉम्प्युटर एकच, त्यावर मी आणि तो. त्याच मशीनमध्ये त्याच्यासाठी दुसरी सिस्टिम मीच टाकून दिली होती; चालू करताना एक दाबलं की माझा पडदा, दोन दाबलं की त्याचा. सोय म्हणून? नाय. नामांतर झालं तसं त्यानं पडद्यावर विद्यापीठाची निळी कमान काढून लावली. ती मला माझ्या पडद्यावर नको होती.

सकाळी मशीननं नेहमीसारखं विचारलं, एक की दोन? साहेब मागं उभे होते, अन् मी चुकून दोन दाबलं. चुकूनच ना? कमान दिसली, साहेबांना बी.

दुपारी साहेब म्हणाले, "त्याचं सगळं पुसून टाक."

"व्हय साहेब," म्हणालो. पुसलं.

चहाचा त्याचा कप खिडकीत वेगळा असायचा. ते बघून मला लई राग यायचा. तो कप वेगळा कुणी ठेवला, माहीत नाय. मशीनमधला वेगळा कप मीच ठेवला होता.