वन्संचा हात

वाशी, फेब्रुवारी १९९६. गुरुवार, संध्याकाळ.

आज तिळ्यांचा बारावा दिवस. तिघंही अजून हॉस्पिटलात, काचेच्या पेट्यांमध्ये. म्हणजे पाळणा नाही, बारसं नाही. तरी वन्सं पैठणी नेसून आल्याच. आत्या ना! बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या लेकाच्या बारशाला मी पाळण्याची दोरी धरायला गेले. भर बायकांत त्या म्हणाल्या, "सुमन, तू पाळण्याला हात लावू नकोस." मला मूल नव्हतं ना. मी हात पदराखाली घेतला. तो हात कितीतरी दिवस मला माझा वाटेना.

आज सिस्टर म्हणाली, "आईबरोबर एकीलाच आत सोडते." वन्संनी लगेच चपला काढल्या. मी म्हटलं, "नको, मी एकटीच जाते." टाके ओढत होते, पण तिन्ही पेट्यांशी वाकले आणि तिघांना नावं सांगितली. माझी, मी ठरवलेली.

बाहेर आले तर वन्सं खिडकीच्या काचेवर हात टेकून बाळांकडे बघत होत्या. मी शांतपणे म्हटलं, "वन्सं, काचेला हात लावू नका."

त्यांनी हात पदराखाली घेतला. अगदी तस्सा. आठवलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं!

मी दुष्ट आहे का? असेन.

हे आत्ता सांगत होते, "ताई रिक्षात रडत होती. झालं ते पुरे आता." पुरे कसं? हा एका बाळाचा हिशेब झाला. अजून दोन आहेत.