पारीवरचा पालथा डोंगा

प्रिय गणपत,

तुया पोरीनं मले अक्षरं शिकवली ती भजनं वाचाले. पहिलं पत्र तुलेच लिहीन, असं कुठी वाटलं होतं! पन काल तुया पलटणीतला शंकर नागभीड टेसनावर उतरून घर विचारत आला, आन् रातीच मी कागद घेऊन बसली.

"मावशी, गणपत इटलीतल्या कैदेतून निसटला, मग वर्षभर जगला," म्हणे.

वर्षभर! अरे, सरकारचा 'बेपत्ता' कागद आला, तवा भाऊबंदाइनं पळसाच्या पानाचा पुतळा करून तलावाच्या पारीवर, त्या बांधावर, तुले आग दिली. आन् तू तिकडं जित्ता! इटलीच्या डोंगरात, एका म्हातारीच्या गोठ्यात, मक्याचा घाटा खात! उचकी तरी लागली का रे?

तुयी सखू तवाच म्हणे, "मले वाटते, ते हायेत." कोणी ऐकलं? आता चुलीपुढून टोमणा मारते, "जित्त्या नवऱ्याचं कुकू पुसलं, आत्याबाई!" हसते, मंग रडते.

पुतळा जाळला तरी गाव म्हणे, गणपत लढाई सोडून पळाला. मी मान खाली घालून मासोळ्या विकल्या. शंकर सांगते, जर्मनाइनं तो मुलूख दाबला होता, तिथल्याच सरकारचे काळे सदरेवाले शिपाई त्याइले सामील. मंग शेतकरी, मास्तर, बायासुद्धा बंदुका घेऊन डोंगरात गेल्या. तू बी त्याइच्यात! काऊन रे? घरची वाट नाई धरता आली?

शंकर म्हणे, "मी म्हटलं, चल घरी. तर तो म्हणाला, आपल्याला लपवलं म्हणून म्हातारीचं घर जाळलं त्यांनी. आता कसा जाऊ?"

मागं जर्मन, पुढं नदीले पूर, पूल तोडलेला. तू झाड कोरून डोंगा केला, आपल्या तलावातल्यासारखा! ते लोक हसले म्हणे. मंग त्यातच लेकरंबाळं पार नेली. शेवटच्या फेरीत गोळी लागली. म्हातारीनं तुले आपल्या नवऱ्याशेजारी पुरलं. कोण कुठची ती बाई! देवा, मले रडूच्या आधी हसू आलं. माया लेक पळपुटा नव्हता!

भाऊबंद म्हणतात, पहिला पुतळा खोटा झाला, दुसरा जाळा. मी नाई जाळू देत. एकदा जाळलं तेवढं पुरे.

तुया डोंगा पुतळा जाळला त्या दिवसापासून पारीवर पालथा हाये. मेलेल्याचा म्हणून कोणी हात लावत नाई. उद्या मी आन् सखू तो सीधा करतो, भेगा बुजवतो, पाण्यात घालतो. ज्याले पार जायचं त्याले नेईन. तुले पळपुटा म्हणणाऱ्याले बी नेईन, मधोमध गेल्यावर तुयी गोष्ट सांगीन. उतरून जाईल कुठी तो?

तुयी माय,
भागरथा