अड्याळ सज्ज नाही म्हणे!

मु. पो. अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
दि. ९ डिसेंबर २००४

चि. भूषण यास अड्याळहून भैय्यालालचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि सौ. स्वाती बरे असाल असं धरून चालतो. तुझी कंबर आता कशी आहे? (तो पट्टा काढून टाक आणि गरम विटेने शेक. डॉक्टरला दुखत नाही, तुला दुखतं.) जावयाने साळ्याला आपणहून पत्र लिहायचं नसतं, साळ्याच्या पत्राची वाट पाहायची असते, हे मला कळतं. पण तू पाकिटात घालून जे कात्रण पाठवलंस ते वाचून माझ्याच्याने राहवलं नाही. ‘अड्याळ सज्ज नाही, चार देशांची महिला खो-खो स्पर्धा आता नागपुरात.’ आणि बाजूला लाल शाईने तुझं अक्षर, ‘भाऊजी, हे काय?’ हे काय ते सांगतो. पाणी पिऊन बस.

मूळ गोष्ट तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण नागपूरला राहून माणूस विसरतो. आमची राखी यंदा भारताच्या संघात आली. आठ वर्षं पोरगी खेळते आहे, इंदूर, कोल्हापूर, भुवनेश्वर, कुठे कुठे जाऊन आली, आणि तिच्या आईने, म्हणजे तुझ्या ताईने, तिचा एकही सामना पाहिलेला नाही. कारण शकूला गाडी लागते. साधी लागत नाही. बस पहेल्याला पोचेपर्यंत तिचे डोळे पांढरे होतात आणि भंडाऱ्याच्या स्टँडवर तिला उतरवून बाकावर आडवी करावी लागते. तुझ्या लग्नाला निघालेली तुझी सख्खी बहीण भंडाऱ्याहून परत आली आणि तुमच्या नावाच्या अक्षता तिने घरी तुळशीवर टाकल्या, हे तू विसरला नसशील. पोरगी घरी येते तेव्हा आईला दिसतात ते फक्त सोललेले गुडघे. मला याचं फार वाईट वाटतं, भूषण, सरळ सांगतो. म्हणून खो-खो संघटनेने स्पर्धेसाठी शहरांचे अर्ज मागवले तेव्हा मी ठरवलं, आई सामन्यापर्यंत जाऊ शकत नसेल तर सामनाच आईपर्यंत आणायचा. एवढाच माझा स्वार्थ. गावाचं नाव, जिल्ह्याची शान वगैरे जे मी सभेत बोललो ते सभेपुरतं होतं.

अर्जात पहिलाच रकाना ‘शहराचे नाव’. मी ठणकावून लिहिलं, अड्याळ. ग्रामसेवक म्हणाले की हे शहर नाही. मी त्यांना म्हटलं, बाजाराच्या दिवशी तुमची सायकल उभी करायला जागा शोधून दाखवा, मग बोलू. पुढे ‘विमानतळाचे अंतर’. तर विमान उतरायला आपल्या जिल्ह्यात बिरसीची धावपट्टी होती, पण जिल्हा फुटला तेव्हा ती गोंदियाच्या वाटणीला गेली. वाटणीत गेलेल्या वस्तूचं अंतर विचारणं हे जखमेवर मीठ चोळणं आहे, असं मी रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं. ‘तारांकित हॉटेले किती?’ आमच्याकडे हॉटेलं तीन, तिन्हीत आलुबोंडा मिळतो, झोपायला मिळत नाही. म्हणून मी देश घरोघरी वाटून दिले. नेपाळ सुशीलाबाईकडे, बांगलादेश शाळेत, श्रीलंका आमच्या कोष्टीपुऱ्यात. (श्रीलंकेवरून दोन घरांत भांडण लागलं, कारण दोन्हीकडे भिंती रंगवून झाल्या होत्या. शेवटी सहा-सहा खेळाडू वाटून दिल्या. पाहुण्यांसाठी भांडणारं एक तरी हॉटेल तुमच्या नागपुरात दाखव.) ‘प्रेक्षकक्षमता?’ दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्या नाटकाला आम्ही पाच हजार माणूस जमिनीवर बसवतो आणि एकही उठत नाही. ‘अखंड वीजपुरवठा आहे काय?’ सामने दिवसा आहेत. सूर्याला अजून भारनियमन लागू झालेलं नाही.

राहता राहिलं मैदान. शाळेचं मैदान उंचावर आहे, पण खडबडीत. मी पडलो लुगडी विकणारा माणूस, मला मातीतलं काय कळतं? म्हणून नत्थूला बोलावलं. पाच गावांत धान मळायचं खळं करावं तर नत्थूनेच, असा त्याचा लौकिक आहे. त्याला मी म्हटलं, खळ्यासारखं टणक आणि गुळगुळीत करून दे. इथेच माझी चूक झाली असं काही लोक म्हणतात. मी मानत नाही. नत्थूने मुरूम टाकला, पाणी मारलं, बैल फिरवले, चोपण्याने चोपलं, वरून शेणाने सारवलं. दोन टोकांना खो-खोचे दोन खांब रोवले. असं मैदान झालं की चपला काढल्याशिवाय त्यावर पाय ठेवायला जीव धजेना. दवाने खराब होऊ नये म्हणून तुमसरच्या राइस मिलमधून ओळखीने सहा मोठ्या ताडपत्र्या आणून त्यावर अंथरल्या. महिनाभर मी स्वतः काठी घेऊन राखण केली. एक बकरी चढू दिली नाही.

आता तू म्हणशील, मग घोडं अडलं कुठे? तर पाहणीच्या आदल्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून काळं आभाळ आलं. अवेळी. तुम्हा नागपूरकरांना आभाळ म्हणजे छत्री शोधायची, इथे अर्ध्या गावाचं धान कापून शेतातल्या बांध्यांमध्ये पेंढ्यांच्या कडपा वाळत पडलेल्या. आमच्या शेजारच्या शेवंताबाईची बांधी तर तलावाखाली, सगळ्यात खोलगट. तिला नवरा नाही, सालगडी नाही. आणि गावात उंच, टणक, सारवलेली, ताडपत्री असलेली जागा एकच होती, ती माझी. मी दुकानात चहा घेत होतो. परत येऊन पाहतो तर ताडपत्र्या सोडलेल्या, मैदानावर धानाचे भारे, आणि मागून बैलगाड्यांची रांग. दीड तासात एकवीस घरांचं धान तिथे येऊन पडलं आणि त्याच ताडपत्र्यांखाली झाकलं गेलं. मग जो पाऊस कोसळला! एक ओंबी भिजली नाही, हे मला कबूल करावं लागेल. पण पहिली ताडपत्री कोणी सोडली याची चौकशी चालू आहे. माझा संशय नत्थूवर आहे. नाव पक्कं कळू दे, मग त्याची खैर नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. नत्थूने विचार केला की धान आलंच आहे, खळं आपणच केलंय, बैल फिरवायला खुंटही रोवलेला आहे आणि तोही एक सोडून दोन, मग वाट कशाची पाहायची? साडेदहाला संघटनेची जीप आली तेव्हा पूर्वेच्या खांबाला त्याचे बैल गोल फिरत होते आणि पश्चिमेच्या खांबाजवळ शेवंताबाई सूप घेऊन धान पाखडत होती. तीन साहेब उतरले. त्यातल्या टेपवाल्या साहेबांनी विचारलं, मैदान कुठे आहे? मी म्हटलं, धानाखाली. साहेबांनी चष्मा पुसला. मी काय मागे हटतो? म्हटलं, मोजा. खांबापासून खांबापर्यंत टेप लावा, बोटभर फरक निघाला तर मिशी काढतो. साहेबांनी खरोखर टेप काढला, तर नत्थू ओरडला, “साहेब, बैल चालून राहिले ना जी, टेप नोका पसरवू, पाय गुतंल त्याहिचा!” मग बैल थांबवून मोजलं. बोटभर फरक निघाला नाही. मी ओंजळभर धान उचलून साहेबांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, यात मातीचा एक कण काढून दाखवा. ज्या जमिनीवर धान मळून माती लागत नाही, तिथे पोरींच्या गुडघ्याला काय लागणार आहे? तुमच्या स्टेडियमवर पोतंभर तांदूळ सांडून पाहा, खडे निवडता निवडता स्पर्धा संपेल. साहेबांनी ओंजळ परत ढिगात रिकामी केली. जेवायला मात्र बसले, लाखोरीच्या डाळीचे वडे तीनदा मागून घेतले, आणि जाताना शेवंताबाईने दिलेला नव्या धानाचा पिशवीभर वाटाही जीपमध्ये ठेवला. आठ दिवसांनी अहवाल आला. ‘मैदान: शेतीच्या वापरात. सज्जता: नाही.’

सज्जता नाही! भूषण, ज्या गावाने दीड तासात एकवीस घरांचं धान हलवलं, ना कोणी हुकूम दिला ना कोणी बैठक घेतली, ते गाव सज्ज नाही तर मग या देशात सज्ज कोण आहे? मी दिल्लीला तक्रार पाठवली आहे. उत्तर आलं नाही तर दुसरी पाठवणार आहे. आणि हेही लिहून ठेव की २ जानेवारीच्या त्या स्पर्धेसाठी मी नागपुरात पाय ठेवणार नाही. पोरगी माझी असली तरी नाही. गावातलं एकही माणूस येणार नाही, असा ठराव सर्वांनी हात वर करून केला आहे. अड्याळ असं सहजासहजी वाकत नाही. तू आग्रहाचं पत्र पाठवू नकोस, उगाच पोस्टाचा खर्च.

घरात सर्वांना आशीर्वाद. कंबरेला जप.

तुझा,
भैय्यालाल

ता. क. – २ जानेवारीला आम्ही एकोणतीस माणसं येत आहोत. ठराव कायम आहे, आम्ही स्पर्धेला येत नाही, राखीला भेटायला येतो आहोत, ती त्या वेळी मैदानात असेल तर त्याला आमचा इलाज नाही. येणं ट्रॅक्टरने आहे. त्याचं असं झालं की मागच्या आठवड्यात शकू ट्रॉलीत बसून भंडाऱ्याला जाऊन आली. वाऱ्याकडे तोंड करून, उघड्यावर. पहेला गेलं, भंडारा आलं, बाई शेंगदाणे खात बसलेली! मी तर रस्त्यातच हात जोडले.

दुसरी ता. क. – खरं काम हे आहे. नागपुरात ट्रॅक्टर कोणत्या रस्त्याने आत घेतात, स्टेडियमजवळ ट्रॉली कुठे लावू देतात आणि एकोणतीस माणसांचा डबा कुठे उघडता येईल, हे सगळं पाहून उलट टपाली कळव. पोलीस अडवतील तिथे तू आधीच उभा राहा. आणि पट्टा बांधून ये, उभं राहावं लागेल.

*(खाली शकुनबाईच्या अक्षरात)*

बाबू, हे दुकानात गेले म्हणून लिवून राहिली. ताडपत्री मीच सोडली. नत्थूचं नाव उगाच घेऊन राहिले, याहिले सारं ठाऊक हाय. शेवंताबाईचं वर्षाचं धान पाण्यात जाऊन राहिलं होतं अन् इकडं कोरड्या मातीवर सहा ताडपत्र्या. मले पोरीचा खेळ पाहाचा होता, लय पाहाचा होता. पन तिचं धान भिजवून बसली असती तं डोळे वर करून पाहाता आला नसता. हे आले, पाह्यलं, अन् सदरा काढून भारे वाहाले लागले, सगळ्याइच्या पुढं. आता मी येऊन राहिली. पन राखीले नोको सांगू. खेळता खेळता माह्याकडं पाह्यलं तं आउट होईल पोरगी.