आग्याची मुळं

१४ नोव्हेंबर

सौ. वहिनीस सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं ठीक. दुकानात शिलाईचं काम गळ्यापर्यंत आलंय, गणवेशांचे गठ्ठे थेट उंबऱ्याला टेकलेत. दादाला म्हणावं, बहिणीला दोन ओळी लिहिल्या तर बोटं झिजत नाहीत.

आईचे गुडघे पुन्हा धरलेत, तुमच्या दारातल्या तीन पायऱ्याही तिला उतरवत नाहीत, हे वाचलं. आग्याच्या ताज्या पाल्याने गुडघे झोडले की आधी नुसती आग होते, मग सांधे सैल पडतात, हा तिचा जुना उपाय. तोही तिथे नाही, कारण मी पाठवलेली मुळं तुझ्या कुंडीत जगली नाहीत. "माझ्याच हाताला गुण नाही," असं तू लिहिलंस. वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आई तुला परसात पाला धरायला शिकवत होती, आठवतं? "खालून वर, घट्ट. भीत भीत धरलास तर चावतो." मी खिडकीत काजं करत बसले होते. इतकी वर्षं हातमोजे घालून तिला पाला तोडून दिला मी, आणि झोडायचं काम तिने दिलं तुला, लग्नाला सहा महिने झाले नव्हते तेव्हा. वर मलाच म्हणाली, "हिचा हात बघ, कसा घाबरत नाही." माझा जळफळाट झाला. आणि आता हिवाळाभर राहायलाही ती तुझ्याकडेच.

असो. गणवेशांचं सांगत होते. निळं कापड कमी पडलंय.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र डोक्यातून जात नाही. पार्सल उघडल्यावर आईने एक मूळ बोटांनी दाबलं, नाकाशी धरलं आणि म्हणाली, "लाव तरी. नाही जगलं तर तिला कळवू नकोस." तुला वाटलं, मला वाईट वाटेल म्हणून. तसं नाही गं. तिला तेव्हाच कळलं होतं.

मुळं बांधण्याआधी मी ती उकळत्या पाण्यात बुडवून काढली होती. तुझी फजिती व्हावी, आई कंटाळून माझ्याकडे परत यावी, एवढंच मनात होतं. दुखणार ते तिचे गुडघे, हे ध्यानातच आलं नाही. आता तर तिला गाडीतही चढता येणार नाही.

सोबत नवी मुळं आहेत, मातीसकट, ओल्या गोणपाटात. आज सकाळी हातमोजे न घालता उपटली. भीत भीतच धरली, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. पाला फुटेपर्यंत दर रविवारी इथला ताजा पाला घेऊन येईन म्हणते. येऊ का, ते आईला विचार. आधी हे पत्र तिला वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

तुझ्या हाताचा अजूनही हेवा करणारी,
तुझी नणंद