ताईच्या गोळ्या

प्रिय ताई,

आई गेली तेव्हा मी आले नाही, म्हणून बारा वर्षं तू अबोला धरलास. त्या आठवड्यात आम्ही प्रयोगशाळेत एक औषध तपासत होतो. पेशींचं विभाजन घडवणारं एन्झाइम ते रोखतं. कर्करोगाच्या पेशींची वाढ पहिल्यांदाच थांबलेली दिसत होती आणि माझा पाय निघाला नाही. चुकलंच माझं.

परवा भावोजींनी फोनवर तुझ्या कर्करोगाच्या गोळ्यांचं नाव सांगितलं. तेच औषध गं! त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

आज त्यांचा पुन्हा फोन आला. "गाठ निम्म्यावर आलीय. जिना स्वतः चढली." मागून तुझा आवाज आला, "धाकटी ना? द्या इकडे." आणि मला विचारलंस, "जेवलीस का?"

"हो," एवढंच म्हणाले. गोळ्यांचं सांगितलं असतं, तर तू उपकाराला जागून माफ केलं असतंस. तू तर आपणहून बोललीस. मला तेच हवंय, ते तसंच राहू दे. म्हणून हे पत्र टाकत नाही. रविवारी येतेय.

तुझ्यावर रुसायचा हक्क नसलेली,
धाकटी